सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी: वडिलांना त्या रात्री कुठं ठेवायचं?

खानापूर तालुक्यात, जांबोटीच्याही पुढं राहणाऱ्या एका मुलानं विचारलंय. वडील ६२ वर्षांचे, उजव्या जांघेत हर्निया. बेळगावच्या सर्जननी सांगितलं, सकाळी सातला उपाशीपोटी या, संध्याकाळी घरी जा. भावकीतले म्हणतात, पोट फाडून त्याच दिवशी कोण सोडतं, निदान एक रात्र ठेवून घ्यायला सांग. त्यात मेडिक्लेम पॉलिसी आहे आणि चोवीस तास ॲडमिट नसेल तर पैसे मिळत नाहीत असं एकानं डोक्यात भरवलंय. मग थांबायचं की जायचं?

मी भूलतज्ज्ञ आहे. बेळगावच्या लहानमोठ्या दवाखान्यांत रोज अशा पेशंटना भूल देतो आणि संध्याकाळी कुणाला सोडायचं यावर सर्जनबरोबर माझीही सही लागते. म्हणून आधी सरळ उत्तर देतो. ऑपरेशन डे केअरमध्ये, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडायच्या पद्धतीनं, करायला हरकत नाही. पण त्या रात्री वडिलांना जांबोटीपलीकडे नेऊ नका. दवाखान्यातून सुटल्यावर बेळगावातच पाहुण्यांकडे एक रात्र काढा, सकाळी सर्जनना दाखवा आणि मग गावी जा.

कारण सांगतो. दवाखान्यात रात्रभर जे लक्ष ठेवलं जातं, त्याची गरज तुम्ही घरी गेलात म्हणून संपत नाही. ते काम घरच्यांच्या अंगावर येतं, एवढाच फरक. दवाखान्यात नर्स असते, घरी सूनबाई किंवा मुलगा असतो. त्यांना काय बघायचं हे माहीत असेल, फोन लागत असेल आणि गरज पडली तर तासाभरात परत येता येत असेल, तर घरची रात्र दवाखान्यातल्या रात्रीपेक्षा चांगली जाते. म्हाताऱ्या माणसांना अनोळखी जागी, अनोळखी खाटेवर रात्री भ्रम होतो, उठताना पडतात. दवाखान्यातले जंतू चिवट असतात. घरी माणूस लवकर हिंडतो-फिरतो, त्यामुळं पायात रक्ताची गुठळी व्हायची भीती कमी राहते. ‘ठेवून घ्या’ म्हणणाऱ्या भावकीची माया मला कळते, पण दवाखान्यात जास्त दिवस म्हणजे जास्त चांगला उपचार, हा हिशेब बरोबर नाही.

ही पद्धत नवीनही नाही. ग्लासगोचे सर्जन जेम्स निकोल यांनी १९०९ साली ८,९८८ लहान मुलांच्या ऑपरेशनांची माहिती मांडली. ही सगळी मुलं ऑपरेशननंतर दवाखान्यात न ठेवता घरी पाठवलेली. त्यात हर्नियाही होते. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. निकोल यांनी मुलांना नुसतं घरी पाठवलं नाही, त्यांच्या घरी नर्स जाऊन बघून यायच्या. आपल्याकडं डे केअर आलं, पण घरी येणारी नर्स आली नाही. जिथं अडचण येते ती बहुतेक इथंच येते.

आता तुमच्या वडिलांचं बघू. जांघेतल्या हर्नियाला जाळी बसवायचं उघडं ऑपरेशन कमरेतल्या इंजेक्शनवर किंवा नुसती जागा बधिर करूनही होतं. दुर्बिणीतून करायचं असेल तर बहुतेकदा पूर्ण भूल लागते. यातलं काय ठरलंय ते आधी विचारून घ्या, कारण संध्याकाळचं वेळापत्रक त्यावर अवलंबून असतं. कमरेतलं इंजेक्शन असेल तर कमरेखालचा भाग काही तास बधिर राहतो. पाय परत हलायला लागले म्हणजे झालं असं लोकांना वाटतं, पण मी वाट बघतो ती लघवीची. साठीच्या पुढच्या पुरुषांत बऱ्याचदा प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते, त्यात हे इंजेक्शन आणि हर्नियाचं ऑपरेशन, म्हणजे लघवी अडकायची शक्यता बरीच. तपासणीच्या वेळी मी नेहमी विचारतो, ‘मामा, रात्री लघवीला किती वेळा उठता?’ तीन-चार वेळा म्हणाले की तिथंच मनात नोंद होते, यांना लघवी झाल्याशिवाय सोडायचं नाही. जांबोटीपलीकडच्या गावात रात्री एकला लघवी तुंबली, तर नळी घालायला कोण येणार आहे?

संध्याकाळी सोडताना आम्ही काय बघतो ते सांगतो, म्हणजे तुम्हीही बघू शकाल. नाडी आणि बीपी सकाळच्या आसपास आलंय का, आधाराशिवाय चालता येतंय का, मळमळ-उलटी किती, गोळीनं दुखणं आवाक्यात येतंय का आणि जखमेतून रक्त येतंय का. या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण असतात. दहापैकी नऊ किंवा जास्त झाले तर सोडायचं. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात पाचच्या सुमारास नर्स पेशंटला आधी खाटेवर पाय सोडून बसवते. दोन मिनिटं तसंच बसवून ठेवते, चेहऱ्याकडं बघत राहते. घाम फुटला, ओठ पांढरे पडले तर परत आडवं करायचं. नाही तर उभं करून बाथरूमपर्यंत चालवायचं, मुलगा एका बाजूला, नर्स दुसऱ्या बाजूला. आत जाऊन लघवी झाली की नातेवाइकांच्या तोंडावर जो सुटकेचा भाव येतो, तो मला रोज बघायला आवडतो. हे सगळं व्हायच्या आधीच ‘शेवटची बस चुकेल’ म्हणून घाई करणारेही रोज भेटतात. त्यांना माझं एकच सांगणं असतं, बसच्या वेळेवर डिस्चार्ज ठरत नाही.

बस काय, वडाप, म्हणजे शेअर जीपसुद्धा नको. त्या दिवशी स्वतःची किंवा भाड्याची चारचाकी ठरवा. मोटारसायकलवर मागं बसवून आणायचा विचार तर मुळीच करू नका. भूल दिल्यापासून चोवीस तास पेशंटनं स्वतः गाडी चालवायची नाही, दारू घ्यायची नाही, जमिनीच्या किंवा बँकेच्या कागदावर सही करायची नाही. माणूस बोलतो नीट, पण डोकं पूर्ण ताळ्यावर आलेलं नसतं. सोबत एक मोठं, धडधाकट माणूस रात्रभर हवंच. पंधरा वर्षांचा नातू चालणार नाही. घरी एकटेच असणाऱ्यांना आम्ही त्या दिवशी सोडतच नाही, मग ऑपरेशन कितीही छोटं असो.

तुमच्याकडचा रस्ता मला ठाऊक आहे. बेळगावहून जांबोटी, पुढं कणकुंबी, चोर्ल्याकडं जाणारा. पावसाळ्यात तिथं काय होतं ते तुम्ही मला सांगायला नको. झाड आडवं पडलं की रात्र रस्त्यावर. आत जंगलातल्या कितीतरी गावांत मोबाईलला रेंज नसते, उंचावर गेल्याशिवाय फोन लागत नाही. १०८ला फोन लागला तरी गाडीला यायला वेळ लागणार. म्हणून म्हणतो, वडगाव, शहापूर, टिळकवाडी, अनगोळ, कुठंही पाहुणे असतील तिथं एक रात्र राहा. दवाखान्यापासून अर्ध्या तासाच्या आत असलं म्हणजे झालं. पाहुणे नसतील तर दवाखान्याजवळ लॉजवर खोली घ्या. तेही जमत नसेल तर सर्जनना स्पष्ट सांगा की आमचं घर लांब आहे, एक रात्र ठेवून घ्या. त्यात संकोच कसला? घर लांब असणं हे वैद्यकीय कारण आहे आणि ते केसपेपरवर लिहिलं पाहिजे. शहरात राहणाऱ्याला घरी पाठवायचं आणि कणकुंबीकडच्याला थांबवायचं, हा भेदभाव नव्हे.

निपाणी, चिकोडी भागातले बरेच लोक कोल्हापूर किंवा मिरजेला जातात. त्यांनाही हेच. हायवे चांगला आहे, तरी रात्री टाक्यातून रक्त आलं तर परत कुठं जायचं, ऑपरेशन केलं तिथं की गावातल्या दवाखान्यात, हे निघायच्या आधी ठरलेलं हवं.

ऑपरेशनच्या सकाळचं एक प्रकरण नेहमी गोंधळाचं होतं, ते म्हणजे चहा. टेबलावर घ्यायच्या आधी मी विचारतो, काही खाल्लंय का? ‘नाही ओ डॉक्टर, काय खाल्लो नाही. नुसता अर्धा कप चा घेतलो.’ दुधाचा चहा म्हणजे माझ्या लेखी खाणंच. भुलेत पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून जेवण आणि दूध दोन्ही सहा तास आधी बंद, मटण किंवा तेलकट जेवण असेल तर आठ तास. ताक, आंबील, केळं, बिस्कीट सगळं यातच आलं. अंगावर पिणाऱ्या बाळाला चार तास. साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं आणि प्यावंही. रात्री दहापासून पाण्याचा थेंब न घेता सकाळी अकराला टेबलावर आलेला म्हातारा माणूस सुकून गेलेला असतो, त्याचं बीपी पटकन पडतं. बिनदुधाचा कोरा चहासुद्धा दोन तास आधीपर्यंत चालतो. आणि तंबाखू! सकाळी मिसरी लावल्याशिवाय ज्यांचा दिवस उगवत नाही त्या आजीबाईंनाही त्या दिवशी मिसरी बंद.

गोळ्यांचंही तसंच. बीपीच्या बऱ्याचशा गोळ्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्या असतात, काही थांबवायच्या असतात. शुगरची गोळी उपाशीपोटी घेतली तर साखर उतरते. शुगरच्या काही नव्या गोळ्या तीन दिवस आधीपासून बंद कराव्या लागतात. रक्त पातळ करणारी गोळी तर स्वतःच्या मनानं बंदही करायची नाही आणि चालूही ठेवायची नाही. त्यामुळं तपासणीला येताना चिठ्ठी नको, गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घालून आणा. ‘एक गुलाबी आणि एक पांढरी’ यावरून मला काही कळत नाही. रात्री जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, अलीकडं छातीत दुखणं, हे घरच्यांनी आपण होऊन सांगावं. पेशंट सांगत नाहीत, बायको सांगते. म्हणून तपासणीला आईंनाही घेऊन या.

घरी, म्हणजे पाहुण्यांकडे, पहिल्या रात्री काय बघायचं? सर्जननी जखमेत बधिर करणारं औषध सोडलेलं असतं, त्यामुळं संध्याकाळी दुखत नाही आणि पेशंट म्हणतो गोळी कशाला. रात्री त्याचा असर उतरतो आणि मग एकदम कळ येते. गोळी दुखायच्या आधी, सांगितलेल्या वेळेला द्यायची. जांघ आणि अंडाची पिशवी दोन-तीन दिवसांत सुजते, काळीनिळी दिसते. ते बघून घाबरू नका, हळूहळू उतरतं. पण सूज डोळ्यांदेखत वाढत चालली, ड्रेसिंग रक्तानं भिजलं, सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, ताप आला, उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट बघायची नाही. कमरेतलं इंजेक्शन असेल आणि पुढच्या दोन-चार दिवसांत उठून बसलं की डोकं फुटायला येतं, आडवं पडलं की थांबतं असं झालं, तर मला किंवा माझ्यासारख्या भूलतज्ज्ञाला फोन करा. त्याच्यावर उपाय आहे.

दुसऱ्या दिवसापासून चालायचं. धान्याचं पोतं, पाण्याची घागर, बैलांची दावण ओढणं सर्जन सांगतील तोवर बंद, बहुतेकांना चार ते सहा आठवडे. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कुंथताना जोर जखमेवरच येतो. गावी गेल्यावर आशाताईंच्या कानावर घालून ठेवा आणि ड्रेसिंगसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, तेवढ्यासाठी बेळगावला खेप नको.

डिस्चार्ज कार्डाबद्दल एक सांगायचंय. कार्ड इंग्रजीत, फलक कन्नडमध्ये आणि घेऊन जाणारी माणसं मराठी, हे आपल्याकडचं रोजचं आहे. सही करायच्या आधी संमतीपत्रात काय लिहिलंय ते मराठीत समजावून मागा, तो तुमचा हक्क आहे. जाताना नर्सकडून कार्डाच्या मागं मराठीत लिहून घ्या: कुठली गोळी कधी, टाके कधी आणि रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा. तो नंबर रिसेप्शनचा असेल तर रात्री तो उचलतं कोण, तेही विचारा. मी तर म्हणतो, दवाखान्याच्या दारातच उभं राहून एकदा लावून बघा.

हर्निया सोडून इतर उपचारांचं थोडक्यात. मोतीबिंदू हे सगळ्यात सोपं डे केअर. बहुतेकदा थेंबांवर किंवा डोळ्याशेजारच्या इंजेक्शनवर होतं, दोन-चार तासांत घरी. पण दुसऱ्या दिवशी डोळा दाखवायला यावंच लागतं आणि लांबच्या आजीला एका डोळ्यावर पट्टी बांधून दोन वेळा घाटातून ने-आण करण्यापेक्षा एक रात्र इथंच बरी. नंतर डोळा जास्त दुखायला लागला, लाल झाला, दिसत होतं ते कमी झालं, तर त्याच दिवशी यायचं. एक दिवसाच्या उशिरानं डोळा जाऊ शकतो.

डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, एका वेळी साधारण चार तास. यात खरं दुखणं प्रवासाचं आहे. २०१६मध्ये केंद्रानं राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केला, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांतही यंत्रं आली. म्हणून बेळगावला खेपा घालायच्या आधी आपल्या तालुक्यात जागा आहे का ते विचारा. डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला केलेल्या हाताला बीपीचा पट्टा लावू द्यायचा नाही, त्या हातानं बादली उचलायची नाही.

किमोथेरपीबद्दल मात्र कळकळीनं सांगतो. सलाईन लावून किमो घेतली, संध्याकाळी चालत घरी गेले, सगळं ठीक वाटतं. साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी अंगातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी झालेल्या असतात. त्या दिवसांत १००.४ डिग्री फॅरेनहाइटच्या वर ताप आला तर ती इमर्जन्सी आहे. तापाची गोळी देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही, देवर्षाकडं जायचं नाही, गावातल्या डॉक्टरकडून एक इंजेक्शन टोचून घ्यायचं नाही. किमो चालू असलेल्या घरात थर्मामीटर असलाच पाहिजे आणि पावसाळ्यात त्या आठवड्यापुरतं तरी शहराजवळ राहता आलं तर राहावं.

आता पैशांचं. चोवीस तासांची अट आहे, पण डे केअरला ती लागू नाही. विमा नियामकानं डे केअरची व्याख्याच करून ठेवली आहे: भूल देऊन किंवा जागा बधिर करून केलेला उपचार, ज्याला पूर्वी चोवीस तासांवर राहावं लागायचं आणि आता तंत्र सुधारल्यामुळं कमी वेळात होतो. हर्निया, मोतीबिंदू, डायलिसिस, किमो यात येतात. नुसतं ओपीडीत दाखवून पट्टी करून घेतली तर ते येत नाही. म्हणजे क्लेम मिळावा म्हणून रात्रभर खाट अडवून ठेवायची गरज नाही. कुणी तसा सल्ला दिला तर ऐकू नका.

क्लेम अडतो तो दुसऱ्याच कारणांनी. हर्निया आणि मोतीबिंदूला बहुतेक पॉलिसींत पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत. तुमची पॉलिसी किती जुनी आहे ते आधी बघा. मोतीबिंदूला वेगळी मर्यादा असते. आरोग्य संजीवनी नावाच्या पॉलिसीत एका डोळ्याला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यातलं जे कमी ते. कॅशलेस हवं असेल तर दोन-तीन दिवस आधीच दवाखान्याच्या विमा काउंटरला कागद द्या. डिस्चार्ज कार्डावर भरती आणि सुटकेची तारीखच नव्हे, वेळही हवी. ऑपरेशनची नोंद, भुलेची नोंद, जाळीच्या किंवा लेन्सच्या पाकिटावरचं स्टिकर आणि तपशीलवार बिल मागून घ्या. ऑपरेशनआधीच्या तपासण्या आणि नंतरची औषधं यांची बिलंही ठेवा. आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस बऱ्याच पॉलिसींत धरले जातात.

पॉलिसी नसलेल्यांना आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक आहे. बीपीएल कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. साध्या ऑपरेशनसाठी थेट खासगी दवाखान्यात जाऊन ते चालत नाही, आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. म्हणून सुरुवात तालुक्याच्या दवाखान्यातून किंवा बेळगावच्या बिम्स या सरकारी दवाखान्यातून करा. महाराष्ट्र शासनानं २०२३मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचा निर्णय घेतला. ज्या दवाखान्यात जाणार तिथल्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, गावाचं नाव आणि ऑपरेशनचं नाव सांगून, ते बसतं का हे तारीख ठरवायच्या आधी विचारा. ऑपरेशन झाल्यावर विचारून उपयोग नाही.

दवाखाना बघताना कर्नाटकच्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याखालचं नोंदणीपत्र भिंतीवर लावलंय का बघा. आणि एक प्रश्न नक्की विचारा: संध्याकाळी सोडता आलं नाही तर खाट इथंच मिळेल, की दुसरीकडं हलवणार? थांबावं लागणं म्हणजे काही बिघडलंच असं नसतं. उलटी थांबली नाही, लघवी झाली नाही, एवढ्यावरूनही रात्र काढावी लागते. म्हणून डे केअरला येतानाही एक चादर, एक पॅन्ट-शर्ट आणि फोनचा चार्जर पिशवीत टाका.

वडिलांची तारीख मागताना सर्जनना सांगा, घर लांब आहे, सकाळचा पहिला नंबर द्या. पहिला नंबर मिळाला तर शुद्धीवर यायला, चालायला, लघवी व्हायला दिवस मोकळा मिळतो. हर्निया साधा असेल, आत ढकलला की जात असेल तर महिना-दोन महिने थांबून पाऊस ओसरल्यावर केलं तरी चालतं, सर्जनशी बोलून ठरवा. मात्र त्या काळात गाठ एकदम कडक झाली, दुखायला लागली, आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतडं अडकलंय असं समजा. मग डे केअर नाही, तारीख नाही, पाऊसही बघायचा नाही. काही खायला-प्यायला न देता मिळेल त्या गाडीनं मोठा दवाखाना गाठा.